सामोस : बांध, बोगदा आणि एकटा उभा खांब

किनारवाट

मंडळी, नुकतीच ग्रीसमधल्या सामोस बेटावर पाच दिवस राहून आले. पिथागोरिओ या छोट्या बंदरगावात मुक्काम होता. जाण्याआधी मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधलं, फारसं हाती लागलं नाही. म्हणून हा धागा.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आपल्या इतिहासात सामोसवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत आणि त्याचं कारणही दिलं आहे. साऱ्या ग्रीकांनी केलेल्या कामांतली सर्वांत मोठी तीन कामं याच बेटावर आहेत, असं तो म्हणतो. एक म्हणजे डोंगर आरपार खोदून पाणी आणणारा बोगदा. दुसरं, बंदराभोवती खोल समुद्रात घातलेला बांध. आणि तिसरं, त्याने पाहिलेल्या देवळांतलं सर्वांत मोठं देऊळ. तिन्ही इ.स.पू. सहाव्या शतकातली. आज अडीच हजार वर्षांनंतर ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात गाडीने बघून होतात, आणि बहुतेक लोक तेच करतात. माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका. या तीन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. बांधामुळे जहाजं आली, जहाजांनी पैसा आणला. पैशामुळे गाव फुगलं आणि फुगलेल्या गावाला पाणी लागलं. उरलेलं सगळं देवळातल्या हेरा देवीच्या पायाशी गेलं. हा क्रम पायी फिरल्याशिवाय अंगात भिनत नाही.

आधी गाव. आजचं पिथागोरिओ जुन्या सामोस नगराच्या डोक्यावर बसलं आहे. १९५५ पर्यंत त्याचं नाव तिगानी होतं, म्हणजे तळणीचा तवा. मग इथेच जन्मलेल्या पायथागोरसचं नाव गावाला दिलं. धक्क्यावर त्याचं शिल्प आहे: काटकोन त्रिकोण, त्याची एक बाजू पूर्ण करणारा उभा माणूस आणि वर गेलेला हात. गंमत अशी की पायथागोरस चाळिशीच्या सुमारास हे बेट सोडून दक्षिण इटलीत क्रोतोनला गेला आणि त्याची कीर्ती तिकडे झाली.

सकाळी सहाला धक्क्यावर जा. मासेमारीच्या होड्या, रिकाम्या खुर्च्या, आणि समोर मिकालेच्या सामुद्रधुनीपलीकडे तुर्कस्तानचे डोंगर. अरुंद जागी हे अंतर जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटर आहे. आजचा बांध जुन्या बांधाच्याच पायावर उभा आहे. हेरोडोटसच्या म्हणण्यानुसार तो वीस पुरुष खोल पाण्यात घातलेला आणि दोन स्टेडियापेक्षा लांब होता, म्हणजे साधारण साडेतीनशे मीटरहून जास्त. मी त्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि मागे वळून गावाकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हे बंदर निसर्गाने दिलेलं नाही, माणसांनी दगड टाकून समुद्राकडून मिळवलेलं आहे.

हे सगळं ज्याच्या काळात भरभराटीला आलं तो पोलिक्रातेस. साधारण इ.स.पू. ५३८ ते ५२२ अशी त्याची सत्ता. शंभर युद्धनौका बाळगून त्याने हा समुद्र ताब्यात ठेवला होता. बोगद्याचं आणि देवळाचं पुढच्या प्रतिसादांत लिहिते, हात दुखायला लागलेत.

उंबरठा

किनारवाट ताई, छान सुरुवात. पोलिक्रातेस म्हणजे अंगठीवालाच ना? लहानपणी ऐकलेली गोष्ट आहे, पण तो खरा राजा होता हे आत्ता कळतंय.

आम्ही सप्टेंबरमध्ये ग्रीसला जाणार आहोत. सोबत आई-बाबा आहेत, बाबांच्या गुडघ्याचा प्रश्न आहे. बोगदा त्यांना झेपेल का? आणि देवळाचे फोटो पाहिले, एकच खांब उभा दिसतो. त्यासाठी मुद्दाम जावं का?

किनारवाट

हो, अंगठीवालाच. इजिप्तचा राजा अमासिस त्याचा मित्र. त्याने कळवलं की इतकं सतत यश देवांना बघवत नाही, तेव्हा तुला सर्वांत प्रिय असेल ती वस्तू कायमची टाकून दे. पोलिक्रातेसने सोन्यात बसवलेल्या पाचूची अंगठी भर समुद्रात फेकली. काही दिवसांनी एका कोळ्याने मोठा मासा भेट म्हणून आणला, आणि त्याच्या पोटात तीच अंगठी निघाली. अमासिसने ओळखलं की या माणसाचा शेवट वाईट होणार, आणि मैत्री तोडली. पुढे ओरोइतेस या इराणी क्षत्रपाने पैशाचं आमिष दाखवून त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर बोलावलं आणि ठार मारून प्रेत टांगलं. ती अंगठी घडवणारा थेओदोरोस सामोसचाच कारागीर होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, देवळाच्या वेळी परत येईल.

बाबांबद्दल. बोगद्यात सोबत वाटाड्या असतो, डोक्याला शिरस्त्राण देतात आणि मार्ग तीन लांबींचे आहेत. सर्वांत लहान मार्ग थोडं आत नेऊन परत आणतो. पण दक्षिणेकडून आत शिरताना जिना उतरावा लागतो आणि सुरुवातीची वाट इतकी अरुंद आहे की खांदे तिरके करावे लागतात. बंद जागेची भीती असेल तर जाऊ नये. माझी आई बाहेरच्या ऑलिव्हखाली बसून राहिली आणि तिला तिथलं वारंच जास्त आवडलं. वेळ आधी राखून ठेवा. पहिल्या दिवशी मी तशीच गेले आणि जागा नसल्याने भर उन्हात परत फिरावं लागलं.

एका खांबाचं उत्तर सविस्तर देणार आहे, कारण त्या प्रश्नाने मला जरा लागलं. :)

रेखांश

मी भूमापनात तीस वर्षं घालवली आहेत, त्यामुळे या बोगद्याचं नाव निघालं की राहवत नाही. ताईंची परवानगी गृहीत धरून लिहितो.

मेगाराचा एउपालिनोस, नाउस्त्रोफोसचा मुलगा. हा बोगदा बांधणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे, हेच केवढं नवल. लांबी १०३६ मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी साधारण १.८ मीटर, कठीण चुनखडीचा डोंगर, हत्यारं हातोडा आणि छिन्नी. आणि खोदाई दोन्ही टोकांकडून एकाच वेळी. दोन तुकड्या डोंगराच्या पोटात अंधारात एकमेकांकडे सरकत होत्या. होकायंत्र नाही, दुर्बीण नाही.

दिशा कशी ठरवली असेल? बऱ्याच ठिकाणी अलेक्झांड्रियाचा गणितज्ञ हेरोन याची काटकोनांची पद्धत सांगितली जाते: डोंगराला वळसा घालत काटकोनी पायऱ्या मोजत जायचं आणि शेवटी मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंवरून दिशा काढायची. कागदावर सुंदर दिसते. पण हेरोन या बोगद्याच्या कितीतरी शतकं नंतरचा, आणि त्या उतारावर प्रत्येक काटकोनाला होणारी चूक साठत गेली असती. बोगद्याचा अनेक वर्षं बारकाईने अभ्यास केलेल्या हेरमान कीनास्ट यांचं मत वेगळं आहे: डोंगरावरूनच सरळ रेषेत खांब रोवत जायचं, एकामागे एक डोळ्याने जुळवायचे, आणि तीच रेषा दोन्ही तोंडांशी खाली उतरवायची. माझा कौल यालाच. मैदानावर काम केलेला माणूस आधी हेच करेल.

दिशेपेक्षा अवघड आहे पातळी. दोन्ही तोंडं एकाच उंचीवर हवीत आणि मध्ये अख्खा डोंगर. त्याने ते साधलं.

जुनीनाणी

रेखांश सर, एक शंका. मी नकाशा पाहिला तर दक्षिणेकडचा भाग सरळ आहे, पण उत्तरेकडचा मध्येच वाकडा होतो. मग ही चूक नव्हे का? कुठेकुठे लिहितात की कामगार भरकटले.

रेखांश

भरकटले असते तर भेटलेच नसते. उत्तरेकडे खडक ठिसूळ आणि पाणी झिरपणारा लागला. छत कोसळायची भीती. म्हणून त्याने तुकडीला बाजूला वळवलं आणि पुढे चांगला खडक लागल्यावर मूळ रेषेकडे परत आणलं. म्हणजे जमिनीखाली, आकाश दिसत नसताना, त्याने त्रिकोण आखला. भिंतीवर लाल रंगाची अक्षरं आहेत, ती मोजणीच्या खुणा. एका ठिकाणी 'पारादेग्मा' असा शब्दही रंगवलेला आहे. त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वानांत चर्चा आहे, पण काम चालू असताना कुणीतरी हिशोब ठेवत होतं याचा तो जिवंत पुरावा.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. भेटीच्या जवळ आल्यावर दोन बोगदे शेजारून समांतर निघून जाण्याचा धोका असतो. एउपालिनोसने शेवटच्या टप्प्यात दिशा मुद्दाम वळवली, म्हणजे एक रेषा दुसरीला आडवी जाईल आणि चुकामूक होणारच नाही. उंचीसाठीही तसंच: एका बाजूने छत वर नेलं, दुसऱ्या बाजूने जमीन खाली नेली. आपण चुकू शकतो हे त्याने कामातच धरलं होतं. मी नव्या मुलांना शिकवताना हेच उदाहरण देतो.

किनारवाट

रेखांश सर, तुमचा प्रतिसाद जाण्याआधी वाचायला मिळाला असता तर! मी ते वळण पाहिलं आणि पुढे निघून गेले.

त्यात माझी भर. बोगद्याची जमीन जवळजवळ सपाट आहे, आणि सपाट जमिनीवरून पाणी वाहत नाही. म्हणून पूर्वेच्या बाजूला खाली वेगळा चर खोदला आहे. उत्तरेकडे तो सुमारे चार मीटर खोल आहे आणि दक्षिणेकडे पोचेपर्यंत आठ मीटरच्या पलीकडे जातो. त्याच्या तळाशी भाजलेल्या मातीचे नळ होते, हजारो. चालताना एका अंगाला जाळी असते आणि त्यातून खाली तो काळा चर दिसत राहतो. बोगद्याइतकंच, किंबहुना जास्त, मला त्या चराचं कौतुक वाटलं.

पाणी यायचं डोंगरापलीकडच्या आगियादेस इथल्या झऱ्यावरून. आता झऱ्याच्या टाक्यावर संत योहानचं छोटं देऊळ आहे. तिथपासून बोगद्यापर्यंतही पाटच आहे, जमिनीखालून. बाहेर काही दिसू नये हा हेतू: शत्रूने वेढा घातला तरी पाणी कुठून येतं ते कळू नये. पुढे इसवी सनाच्या सातव्या शतकात किनाऱ्यावर हल्ले वाढले तेव्हा गावकऱ्यांनी याच बोगद्यात आसरा घेतला. त्यांनी घातलेल्या भिंतींचे अवशेष आत आहेत. नंतर सगळं विसरलं गेलं. हेरोडोटसच्या वर्णनावरून लोक शोधत राहिले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंड सापडलं आणि १९७१ ते ७३ मध्ये जर्मन पुरातत्त्व संस्थेने आतला गाळ काढला.

अबोली_क

ताई, सुंदर धागा. पाण्यासाठी एवढं केलं म्हणजे गाव किती मोठं असेल! तटबंदी शिल्लक आहे का?

किनारवाट

आहे, तुकड्यातुकड्यांत. मूळ तट सहा किलोमीटरहून लांब होता आणि बोगद्याच्या डोंगरावरून जात होता. इ.स.पू. ४४० मध्ये सामोसने अथेन्सविरुद्ध बंड केलं, अथेन्सचा नेता पेरिक्लेस स्वतः आरमार घेऊन आला आणि नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर बेट शरण आलं. तट पाडावा लागला, जहाजं द्यावी लागली. आज दिसतो तो बराचसा नंतर बांधलेला. संध्याकाळी स्पिलियानीच्या गुहेतल्या देवळाकडे चढत जा. वाटेत जुनं नाट्यगृह लागतं. वरून बंदर, बांध, विमानतळ आणि पश्चिमेची सपाटी एका नजरेत येते. त्या सपाटीच्या टोकाला तो खांब.

तर उंबरठा, एका खांबाबद्दल.

देऊळ हेरा देवीचं. ठिकाणाला हेराइऑन म्हणतात, रस्त्यावरच्या पाट्यांवर 'इरेओ' असा उच्चार. गावाच्या पश्चिमेला सुमारे सहा किलोमीटर. पूर्वी नगरापासून तिथवर पवित्र मार्ग जायचा, दोन्ही अंगांना मूर्ती आणि अर्पणं. आता त्या मार्गावर मध्येच धावपट्टी आली आहे, त्यामुळे सलग चालता येत नाही. मी पोतोकाकीच्या किनाऱ्याने पहाटे चालत गेले आणि बसने परत आले. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

जागा दलदलीची. इंब्रासोस नदी इथेच समुद्राला मिळते, आणि हेराचा जन्म या नदीकाठी 'लिगोस'च्या झुडपाखाली झाला अशी श्रद्धा. देवी इथे जन्मली म्हणून देऊळ इथेच, मग जमीन कितीही ओली असो. पहिलं देऊळ इ.स.पू. आठव्या शतकातलं, शंभर फूट लांबीचं. मग रोइकोस आणि थेओदोरोस यांनी साधारण इ.स.पू. ५७० च्या सुमारास दगडी खांबांचं अफाट देऊळ उभारलं, ते फार टिकलं नाही. हाच तो थेओदोरोस. पलीकडच्या एफेससला आर्तेमिसचं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा ओल्या जमिनीत पायाखाली कोळशाचा थर घाला, असा सल्ला त्याने दिल्याची नोंद आहे. नंतर पोलिक्रातेसच्या काळात तिसरं सुरू झालं: १०८ मीटरहून लांब, ५५ मीटरच्या आसपास रुंद, आराखड्यात दीडशेहून जास्त खांब. ते कधीच पुरं झालं नाही.

आता त्यातला एकच उभा आहे, तोही मूळ उंचीच्या निम्माच. भूकंपांनी त्याच्या दगडी चकत्या एकमेकींवरून सरकल्यात, त्यामुळे खांब उभा असूनही वाकडातिकडा दिसतो. बाकीचे दगड लोकांनी शतकानुशतकं घरांसाठी नेले. हा एवढा खलाशांना खूण म्हणून ठेवला असं सांगतात. तुम्ही त्याच्या पायथ्याशी उभे राहा, मान वर करा, आणि मग आजूबाजूला पसरलेला चौथरा चालत पूर्ण करा. मला फेरी मारायला बराच वेळ लागला. तो एक खांब म्हणजे मोजपट्टी आहे. शंभर खांब उभे असते तर कदाचित आकार इतका अंगावर आला नसता.

देवराई

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मध्येच तोंड घालते. 'लिगोस' म्हणजे व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस, आपल्या निर्गुडीची सख्खी चुलत बहीण. निर्गुडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. तशीच हाताच्या बोटांसारखी पानं, तसेच निळसर-जांभळे तुरे, आणि तिलाही पाण्याकाठ आवडतो. सामोसच्या तोनाइया नावाच्या उत्सवात हेराची मूर्ती समुद्राकाठी नेऊन लिगोसच्या फांद्यांनी वेढत असत. मागे एकदा मूर्ती चोरून नेताना चोरांचं जहाज हलेचना, म्हणून ते तिला किनाऱ्यावरच सोडून गेले. लोकांना वाटलं देवी पळून चालली होती, म्हणून त्यांनी तिला फांद्यांनी बांधून ठेवलं. अशी त्यामागची कथा.

जुनीनाणी

मग माझीही भर घ्या. रोमन काळातल्या सामोसच्या नाण्यांवर मोर आहे. मोर हेराचा पक्षी, आणि या देवळात मोर पाळलेले असत. सामोसच्या मेनोदोतोस या प्राचीन लेखकाने तर मोर इथूनच सगळीकडे गेले असं अभिमानाने लिहिलं होतं. आपल्याला माहीत आहे की तो पक्षी मूळचा कुठला. दलदलीतल्या त्या देवळाच्या अंगणात, निर्गुडीच्या बहिणीशेजारी आपला मोर पिसारा फुलवून उभा होता, हे डोळ्यांसमोर आलं की नाणं हातातून खाली ठेववत नाही.

किनारवाट

देवराई, जुनीनाणी, अंगावर काटा आला! वाळक्या पात्राकाठी ती झुडपं मी पाहिली होती, जांभळे तुरे असलेली. नाव माहीत नव्हतं.

आणि इथे वस्तू कुठून कुठून आल्या होत्या! इजिप्त, बॅबिलोन, असिरिया. सिरियाच्या हझाएल राजाचं नाव कोरलेली घोड्याच्या कपाळावरची काशाची पट्टी इथे सापडली. ओल्या मातीमुळे लाकडी वस्तूसुद्धा टिकल्या, ग्रीसमध्ये हे दुर्मीळ. हेरोडोटस कोलाइओस नावाच्या इथल्या नावाड्याची हकीकत सांगतो. इजिप्तला निघालेलं त्याचं जहाज वाऱ्याने भरकटून थेट स्पेनच्या तार्तेसोसला लागलं. तिथल्या व्यापारात नफा इतका झाला की त्याच्या दशांशातून, सहा टॅलेंटांतून (टॅलेंट हे जुनं वजनाचं माप), सामोसच्या लोकांनी काशाचा प्रचंड घंगाळ करून देवीला वाहिला. कडेला ग्रिफिनांची, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेल्या काल्पनिक प्राण्यांची, डोकी, खाली गुडघे टेकलेल्या तीन मूर्तींचा आधार. बांधापासून देवळापर्यंतचा तो क्रम मी म्हणत होते, तो या एका घंगाळात आहे.

मूळ वस्तू आता बेटाची राजधानी असलेल्या वाथीच्या संग्रहालयात. तिथला सुमारे पाच मीटर उंचीचा संगमरवरी तरुण, कूरोस, १९८० मध्ये सापडला. त्याच्या मांडीवर अर्पण करणाऱ्याचं नाव कोरलं आहे, इस्खेस. त्याच्यासमोर मी किती वेळ उभी होते ते आईने सांगितलं: चाळीस मिनिटं. पिथागोरिओच्या संग्रहालयातही आयाकेस नावाच्या माणसाने अर्पण केलेली बसलेली मूर्ती आहे. पोलिक्रातेसच्या वडिलांचं नावही आयाकेसच होतं. दोन्हीकडे जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

अबोली_क

पलीकडे एफेसस इतकं जवळ आहे तर उन्हाळ्यात बोटीने कुशादासीला जाऊन येता येतं ना?

रेखांश

येतं, पण व्हिसा नीट पाहा. बोटीत बसलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर संध्याकाळी परत येऊ देणार नाहीत. अनेक प्रवेशांचा हवा, आणि तुर्कस्तानचा वेगळा लागेल. मागे आमच्या गटातल्या एकाला धक्क्यावरूनच परत फिरावं लागलं होतं.

उंबरठा

धागा वर काढतो. काल परत आलो.

आई-बाबांना हेराइऑनला नेलं. बाबा चौथऱ्याच्या कडेने काठी टेकत हळूहळू पूर्ण फिरले, मध्ये दोनदा बसले. देवराई, झुडपाचं पान चुरडून आईच्या हातात दिलं. तिने वास घेतला आणि लगेच म्हणाली, अगं बाई, निर्गुडी.

बोगद्यात मी एकटा गेलो, पूर्ण लांबीचा मार्ग घेतला. रेखांश सर, तुमचा प्रतिसाद लिहून खिशात ठेवला होता. दक्षिणेकडून निघाल्यावर दिव्यांची रांग लांबवर सरळ दिसते, मग एका जागी ती वळते आणि पुढचं काही दिसत नाही. वाटाडी सांगायच्या आत मी थांबलो. वर छत, खाली जमीन, दोन्ही पाहून घेतलं. मागच्या माणसाने विचारलं, इथे काय आहे? मी त्याला सांगितलं की इथे पलीकडून हातोड्याचा आवाज आला असेल.